टेबलावर दोन डबे

लवॉन : दोन डबे का उघडेत, व्हर्लिन?

व्हर्लिन : कुठले दोन?

लवॉन : हे काय, तुझ्या नाकासमोर. एक रायफलच्या दारूचा, एक पिस्तुलाच्या. काडतुसं भरताना टेबलावर एका वेळी एकच डबा, हे तूच आमच्याकडून घोकून घेतलंस ना?

व्हर्लिन : तुझ्या लेकीमुळे झालं सगळं. सकाळी जड गोळ्या घेऊन बसलो होतो. वायोमिंगच्या या वाऱ्यात जड गोळीच सरळ जाते. तर रोंडाबाईंचं आपलं एकच, हलकी हवी.

लवॉन : मग बरोबरच आहे तिचं. जड गोळी दगडावर आपटली की उडते आणि मेंढीत घुसते. हलकीचा जागच्या जागी चुरा होतो. व्यालेल्या मेंढ्यांच्या मधून कोकरं पळवणारा कायोटी कोल्हा टिपायचाय तिला.

व्हर्लिन : मला नको शिकवू. गोळी हलकी केली की दारूही बदलावी लागते, जरा लवकर पेटणारी. म्हणून हा डबा काढला. घाईघाईत पहिला राहिला असेल तिथेच.

लवॉन : पण हा काढलास तो पिस्तुलाचा आहे.

व्हर्लिन : काहीतरीच काय!

लवॉन : मापाच्या नळकांड्यात उरलीय ती बघ. रायफलची दारू म्हणजे बारीक बारीक काड्या. या चपट्या चकत्या आहेत.

व्हर्लिन : काळी दिसतेय की.

लवॉन : दोन्ही काळ्याच असतात! हात पुढे कर. चिमटीत घे. आता सांग.

व्हर्लिन : ...अरे देवा.

लवॉन : काय होईल?

व्हर्लिन : ही भसकन पेटते. रायफलच्या काडतुसात एवढी भरली तर बंदूक तोंडावरच फुटेल.

लवॉन : भरलेली कुठायत?

व्हर्लिन : रोंडा घेऊन गेली. दुपारीच.

लवॉन : गाडीची किल्ली दे. त्या घळीत फोन लागत नाही, वायरलेसवरच बोलू. चल, ऊठ!

(पिकअप मातीच्या रस्त्यावरून निघाली आहे. लवॉन चालवते आहे, वायरलेस व्हर्लिनच्या हातात.)

व्हर्लिन : रोंडा! डॅड बोलतोय. गोळी झाडू नकोस! ऐकतेस का?

लवॉन : परत बोल.

व्हर्लिन : गाडीत नसेल ती. टेकाडावर पालथी पडली असेल बंदूक लावून. कायोटींची वेळ झाली. जोरात घे ना जरा!

लवॉन : पुढे केवढा खड्डा आहे. दिसतोय तुला?

व्हर्लिन : कुठे?

लवॉन : हा घे, बसला दणका. कधीपासून दिसत नाही?

व्हर्लिन : हे आत्ताच काढायचंय का?

लवॉन : आत्ताच.

व्हर्लिन : मागच्या हिवाळ्यापासून. कडेचं दिसतं. मधोमध धूर भरल्यासारखा.

लवॉन : आणि माझ्यापासून लपवलंस!

व्हर्लिन : तू टेबल काढून घेतलं असतंस. मेंढ्या तिच्या झाल्या, ट्रॅक्टर जावयाचा झाला. तिला माझी गरज पडावी असं तेवढंच एक उरलं होतं... रोंडा! बोल गं बाई, बोल!

लवॉन : फाटक आलं. मी उघडते, तू बोलत राहा.

व्हर्लिन : लवॉन! ऐकलास आवाज? झाडली. तिने झाडली.

लवॉन : ओरड! बघतोयस काय माझ्याकडे?

व्हर्लिन : रोंडा! रोंडा!

रोंडा : (बऱ्याच वेळाने, वायरलेसवरून) काय रे डॅड, अख्खा कळप बिथरवशील. गाडीशी आले तर नुसती बोंबाबोंब. मारला त्याला. चांगला थोराड नर आहे.

व्हर्लिन : तुझे डोळे? हात?

रोंडा : जागच्या जागी आहेत. झालंय काय तुला?

व्हर्लिन : आता दुसरं झाडू नकोस. माझी काडतुसं टाकून दे. दारू चुकली माझी. पिस्तुलाची घातली.

रोंडा : ...तुझं नव्हतं ते, डॅड.

व्हर्लिन : म्हणजे?

रोंडा : दुकानातलं होतं. तुझी वापरायची सोडलीत मी. हिवाळ्यात एकाची गोळी उलटी बसवली होतीस, टोक आत. तेव्हाच काय ते समजले. सगळी कुलपात ठेवलीत.

लवॉन : अगं मग दर खेपेला येऊन नेत कशाला होतीस? वर आज सकाळी ही जड, ती हलकी म्हणून तासभर भांडलीस त्याच्याशी!

रोंडा : भांडले नसते तर त्याला कळलं असतं ना, मॉम.

लवॉन : व्हर्लिन, वायरलेसचं बटण दाब. पोरगी ताटकळलीय तिकडे.

रोंडा : डॅड? रागावलास?

व्हर्लिन : उद्या ये. दारू तू भर. मी शेजारी बसेन.