गोमतीत सोडलेली समुद्राची पिशवी

नाही, पण तुम्हीच सांगा, समुद्रात तरंगायची वस्तू बनवायची तर ती कुठे बनवतात? मुंबईला बनवा, कोचीनला बनवा, फार तर रत्नागिरीला बनवा... आम्ही कुठे बनवली? लखनौला. जिथून कुठल्याही दिशेच्या गाडीत बसा, दिवस जातो, रात्र जाते, डब्यातल्या पुऱ्या संपतात, तरी खारं पाणी म्हणून दिसत नाही, तिथे. आणि बनवली ती बनवली, वर आमचे टंडन साहेब मलाच विचारतात, "श्रीरंगबाबू, टेस्टिंग का क्या हुआ?" अहो, टेस्टिंगला समुद्र लागतो. लखनौत समुद्र कुठाय?

थांबा, असं मधूनच सांगत सुटलो तर तुम्हाला वाटेल याला ऊन लागलंय. पहिल्यापासून सांगतो.

मी अकोल्याचा. आमच्याकडे मोर्णा नदी आहे, तिच्यात उन्हाळ्यात पाणीसुद्धा नसतं, समुद्र कुठला. नोकरीसाठी लखनौला आलो, तालकटोऱ्याच्या बाजूला टंडन साहेबांचा ताडपत्र्यांचा कारखाना आहे तिथे, आणि राहायला मानक नगरजवळ दोन खोल्या. आम्ही मालगाडीच्या वाघिणींवर टाकायच्या ताडपत्र्या करायचो. मस्त चाललं होतं. मग हळूहळू वाघिणींना लोखंडी छपरं आली. छप्पर आल्यावर ताडपत्री कोण विचारतो? चौऱ्याण्णव साल उजाडेपर्यंत अर्धी मशिनं बंद, कारागीर उन्हात बसून पान खातायत, आणि टंडन साहेब रोज तासभर छताकडे बघत बसायचे.

घरी मी सरोजला म्हटलं, "कारखाना बंद पडला तर अकोल्याला जाऊ. तुझ्या बाबांच्या दुकानात ज्वारी मोजीन." तर ती म्हणाली, "तुम्ही मोजा. मी नाही येत." मी म्हटलं, काऊन? तर म्हणते, "इथे मी बाजारात गेले तर मला कुणी अमक्याची सून, तमक्याची पोरगी म्हणत नाही. बाप्पा, किती हलकं वाटते." बंद झालं दुसरं दार.

अशात मी एका मासिकात वाचलं की परदेशात समुद्रातून पाणी न्यायला, तेल न्यायला रबरी कापडाच्या पिशव्या वापरतात. पिशवी म्हणजे बाजाराची नव्हे हो. रेल्वेच्या डब्याएवढी, दोन्ही टोकांना निमुळती, अशी दोडक्यासारखी. तिच्यात गोडं पाणी भरायचं, तोंड बंद करायचं, समुद्रात सोडायची आणि दोरीनं बोटीमागे बांधून ओढत न्यायची. ती तरंगते. का तरंगते? गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून. आणि खरी गंमत पुढे आहे. पाणी रिकामं केलं की पिशवी सतरंजीसारखी गुंडाळायची, बोटीवर टाकायची आणि घरी. रिकामी टाकी ओढत आणायची भानगड नाही. मी हे टंडन साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी छताकडे बघणं थांबवलं. म्हणाले, "यानी ताडपत्री ही है. बस सिलकर बंद कर दी." मी म्हटलं, तसंच काहीसं.

झालं. मशिनं सुरू. जाड नायलॉनचं कापड, त्याला दोन्हीकडून रबर, शिवणीवर रबराच्या पट्ट्या, त्या गरम दाबून बसवायच्या. दोन महिने आम्ही जेवणसुद्धा उभ्या उभ्या केलं. साहेबांनी समुद्राशी संबंध असलेल्या सगळ्यांना पत्रं धाडली, आणि एक दिवस पिशवी तयार झाली, आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे राहिलो, आणि तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की... लखनौत समुद्र कुठाय?

साहेब म्हणाले, त्यात काय, पाणी म्हणजे पाणी, मागच्या तळ्यात सोडा. मी म्हटलं, साहेब, गोड्या पाण्याची पिशवी गोड्या पाण्यात कशाला तरंगेल? तिला काय पडलंय? वर कापडाचं वजन. पण साहेबांना उत्साह. सोडली. तुम्हाला सांगतो, पिशवी पाण्यावर अशी क्षणभर टेकली, सगळ्यांकडे एकदा बघितल्यासारखं केलं, आणि सावकाश, अगदी लखनवी अदबीनं, खाली जाऊन बसली. साहेबांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "बड़ी शर्मीली है."

आणि त्याच आठवड्यात पत्राला उत्तर आलं. कॅप्टन कुरियन म्हणून कुणी नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ, आता लांबच्या बेटांना पाणी पुरवायचं काम बघतात, ते पिशवी बघायला येतायत. स्वतः.

चारबाग स्टेशनवर मी त्यांना घ्यायला गेलो. उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशा, हातात एक लहानशी बॅग. मी वाकून नमस्कार केला, म्हटलं, लखनऊ में स्वागत है. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, हमालांकडे, टांग्यांकडे, रिक्षांकडे, आणि मला म्हणाले, "समुद्र किधर है?"

बघा. तीन दिवस प्रवास करून आलेल्या माणसालासुद्धा हाच प्रश्न.

पण गाडीत बसल्यावर ते बोलायला लागले. म्हणाले, एक बेट आहे, उन्हाळ्यात तिथल्या विहिरी खाऱ्या होतात. पाण्याचं जहाज येतं, पण बेटाभोवती पोवळ्याचे खडक आहेत, जहाज लांबच थांबतं. मग होड्यांतून पिंपं. एक दिवस समुद्र खवळला की पिंपं बंद. "बच्चा लोग खारा पानी पीता. फिर बीमार. मेरे को नरम चीज चाहिए. जो पत्थर के ऊपर से जाए, और फटे नहीं." एवढंच बोलले. तोपर्यंत मला पिशवी म्हणजे आमचा कारखाना वाटत होता. त्या पिशवीपुढे कुणी पोरं तहानलेली बसलीयत हे माझ्या ध्यानातच नव्हतं हो.

मग ठरलं, गोमतीत सोडायची. बुडू नये म्हणून मी तिच्या दोन्ही बाजूंना ट्रकच्या टायरच्या ट्यूबा हवा भरून बांधल्या. समुद्रात नसत्या लागल्या, पण गोमतीला कोण समजावणार? कॅप्टनची एकच अट, पिशवीत पाणी पिण्याचंच भरायचं. म्हणून पाण्याचे टँकर मागवले. आता मार्च महिना, नळाला पाणी कधी येतं कधी नाही, आणि घाटावर एकामागे एक टँकर उभे. पाच मिनिटांत बायका बादल्या घेऊन हजर. "भैया, किसके यहाँ शादी है?" मी म्हटलं, शादी नाही, हे पाणी पिशवीत चाललंय. एक आजी पिशवीकडे बघून म्हणाल्या, "इत्ती प्यास किसको लगी है?" एक टँकर त्यांना वाटावा लागला. काय करता, लखनौत पाण्याला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

पिशवी भरली. फुगली. पाण्यात ढकलली. आणि तरंगली हो, दोन्हीकडे ट्यूबा, हार घातलेल्या नवरदेवासारखी तरंगली. काठावर ही गर्दी. सरोज आली होती, आमची ऋचा आली होती. पोरीला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीच. ती म्हणते, "पापा, ये तो मगरमच्छ है." मी म्हटलं, बाळा, मगर नाही, ही पाणी नेणारी पिशवी आहे. तर म्हणते, "अच्छा, तो ये काटेगी नहीं?" मी म्हटलं, नाही. तेवढं माझं चुकलं.

मोटरबोट भाड्याची, चालवणारा ननकऊ. त्यानं आयुष्यात लाकडं ओढली होती, वाळू ओढली होती. पिशवी बघून म्हणाला, "साहब, हम एहका खींचब, कि ई हमका?" मी म्हटलं, तू ओढायचं. आणि निघाले. पहिली पाच मिनिटं काय दृश्य होतं, तुम्हाला सांगतो, बोट पुढे, पिशवी मागे, टंडन साहेबांच्या डोळ्यांत पाणी. मग साहेबांनी काठावरून हात केला, "ज़रा तेज़, ज़रा तेज़," आणि ननकऊनं वेग वाढवला, आणि पिशवीचं शेपूट हलायला लागलं. आधी डावीकडे थोडं. मग उजवीकडे जास्त. मग डावीकडे इतकं की बोट उजवीकडे. ननकऊ ओरडतोय, "साहब, ई तो हमका घुमाय रहा है," मी काठावरून पळतोय, हळू कर, हळू कर, आणि त्या गडबडीत त्यानं इंजिन बंदच केलं.

बोट थांबली. पिशवी थांबली नाही. चार टँकर पाणी आहे पोटात, ते काय असं थांबतं? ती बोटीच्या बाजूनं, कुणाला धक्का न लावता, शांतपणे पुढे निघून गेली, दोरी ताणली, ननकऊला बोटीसकट उलटं फिरवलं, आणि समोर काय? समोर धोबीघाट. चौक बाजारातले सगळे चिकनचे, म्हणजे बारीक भरतकामाचे, कुर्ते तिथे धुवायला येतात. पाण्यात बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या, दोऱ्यांवर कुर्ते, पांढरे, गुलाबी, अंगुरी... आणि आमची पिशवी थेट त्यांच्यात. कड, कड, कड, बांबू मोडतायत. मला दुसरं काही दिसेना. मोडक्या बांबूचं टोक म्हणजे भाला. आता फाटली. गेला कारखाना, गेलं ते बेट, आणि मी ज्वारी मोजतोय.

मी उडी टाकली. मला पोहता येत नाही हे मला पाण्यात गेल्यावर आठवलं, पण पाणी कमरेएवढंच निघालं. जाऊन पिशवीच्या नाकाला मिठी मारली. काठावरून ऋचाचा आवाज, "मम्मी, पापा ने पकड़ लिया!" आणि पिशवी मला ढकलत ढकलत चिखलात नेऊन थांबली. अंगावर पन्नासेक कुर्ते ल्यालेली. एक म्हातारे धोबी माझ्याजवळ आले. मला वाटलं आता मारतात. ते म्हणाले, "हुज़ूर, ये आपकी है? ज़रा इसे समझाइए."

लखनौ आहे हो. शिवीसुद्धा इस्त्री करून देतात.

कॅप्टननी बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्यात आले. एक एक कुर्ता अलगद काढून धोब्यांच्या हातात दिला. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवणीवरून तळवा फिरवत गेले. परत आले आणि म्हणाले, "फटा नहीं." मी चिखलातच बसलो. टंडन साहेबांनी काठावरून दोन्ही हात आकाशाकडे केले. सरोजनं त्या गर्दीत, एवढ्या लोकांदेखत, मला हात दिला आणि वर ओढलं.

इथे संपायला पाहिजे होतं की नाही? तुम्हीच सांगा. पण कॅप्टननी खिशातून एक स्टीलचा पेला काढला. पिशवीच्या तोंडाची तोटी उघडली, पेला भरला, आणि प्यायले.

तुम्हाला सांगतो, दोन महिने आम्ही ती फाटेल का बघितलं, बुडेल का बघितलं, वळेल का, गुंडाळता येईल का, सगळं बघितलं. पाणी कुणी पिऊन बघितलं नव्हतं.

कॅप्टननी पेला साहेबांना दिला. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि खानदानी माणूस, पाहुण्यासमोर वाईट बोलणार कसा? म्हणाले, "ज़ायक़ा... कुछ हटकर है." मग मी प्यालो. सायकलच्या दुकानात पंक्चर शोधायला घमेल्यात ट्यूब बुडवतात ना? ते पाणी.

मी म्हटलं, कॅप्टन साहेब, खाऱ्यापेक्षा तर बरं आहे. तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, आणि म्हणाले, "वो लोग पी लेगा. कुछ नहीं बोलेगा. इसलिए मैं नहीं देगा."

पण माणूस भला. जाताना म्हणाले, पिशवी उत्तम आहे, बेटावरच्या वीजयंत्राला डिझेल लागतं, तूर्त डिझेलसाठी दोन द्या, त्याला चवीचं काही नाही. पाण्यासाठी आतलं अस्तर बदला. जमलं की बोलवा, मी पुन्हा येईन. म्हणून कारखाना चालू आहे, कारागीर कामावर आहेत, साहेब खूश आहेत, सरोज खूश आहे.

आणि मी? अस्तराचे नवनवे नमुने येतात. प्रत्येकाची लहान पिशवी शिवायची, रात्रभर पाणी भरून ठेवायचं, सकाळी कुणीतरी चाखायचं. कोण चाखणार? साहेबांच्या तोंडात पान. फोरमनच्या तोंडात पान. शिवणाऱ्यांच्या, दाबणाऱ्यांच्या, चौकीदाराच्या, सगळ्यांच्या तोंडात पान. अख्ख्या कारखान्यात पान न खाणारा माणूस एकच. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, "श्रीरंगबाबू, आपकी ज़बान हमारी अमानत है." म्हणजे कांदा बंद, लसूण बंद, मसाला बंद. लोक लांबून लांबून येतात चौकात कबाब खायला, आणि मी लखनौत राहून उकडलेला दुधीभोपळा खातो आणि रोज सकाळी ओळीनं मांडलेले पेले पितो.

संध्याकाळी घरी गेलो की सरोज दार उघडते आणि विचारते, "आजचं कसं होतं?"

मी सांगतो, "कालच्यापेक्षा बरं होतं."