अनुसयाताई आणि गुरूचं शेपूट

दहिवलीकरांनो, खोपोलीहून कारखान्यातली पाळी सोडून आलेल्या ताईंच्या मैत्रिणींनो, सभेत बोलायची मला सवय आहे. आज ताईंच्या शोकसभेत मात्र शब्द जुळवावे लागतायत.

अनुसयाताई कागद कारखान्यात रद्दी निवडायच्या. त्या रद्दीत त्यांना एका इंग्रजी मासिकाची फाटकी पानं सापडली. साहेबांना विचारून घरी आणली. रात्रशाळेत मॅट्रिक झालेली बाई, शब्दकोश घेऊन महिनाभर बसली. मग आपल्या विहाराच्या फळ्यावर लिहिलं: सूर्यातून कणांचा वारा सतत वाहतो. गुरू ग्रहाभोवती जे चुंबकत्व आहे, ते या वाऱ्याने मागे ओढलं जातं. त्याचं शेपूट होतं. ते नेहमी शनीपर्यंत पोचतं. तिकडे पाठवलेल्या यानाने मोजलंय.

लोक हसले. "गुरूला शेपूट? बैल हाय का?" मी विहाराचा सचिव. मला लाज वाटली. आणि मंडळी, मी तो फळा पुसला.

हे आज सांगायलाच हवं. मी पुसला.

ताई आल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, पुसलं ते पुसलं. पण चूक काय हाय ते सांगा."

मला कुठे काय माहीत होतं?

मग आम्ही दोघांनी मुंबईच्या एका खगोल अभ्यासकांना पत्र घातलं. उत्तर यायला दोन महिने लागले. बाईंचं सगळं बरोबर होतं, एक शब्द सोडून. 'नेहमी'. शेपूट हलतं. शनीकडे जाताना यान कधी त्यात सापडलं, कधी बाहेर राहिलं. आत असलं की सूर्याचा वारा जवळजवळ नाहीसा व्हायचा.

मला वाटलं, ताई आता मला सुनावतील. त्या 'नेहमी'वर बोट ठेवून हसत बसल्या. सकाळी सगळं पुन्हा लिहिलं, खाली लिहिलं, 'आधी माझं चुकलं होतं.' माझ्या पुसण्याबद्दल अक्षर नाही. उलट मलाच विचारलं, शनी त्या शेपटात शिरला की तिथे काय होत असेल? त्या दिवसापासून मीही विचारायला लागलो. हसण्याला भिणारा मी.

गेल्या आठवड्यात इस्पितळात गेलो. ताईंना धाप लागत होती. तरी सांगत होत्या, यान युरेनसजवळून पुढे गेलं, युरेनसचं शेपूट पिळलेलं निघालं. "आता नेपच्यूनचं कसं असंल, दादा?"

मी म्हटलं, यान तिथे पोचायला अजून काही वर्षं आहेत, एकोणनव्वद साल उजाडेल.

"मंग तुमी बघा," म्हणाल्या.

बघेन, ताई.

चला, उठूया सगळे. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. जय भीम.