आमच्या गल्लीत काय कमी न्हाई

काकू, रुकसानाखाला, गल्लीतल्या सगळ्यांनो,

मला माईकवर बोलायची सवय नाही. पण आज आप्पांच्या शोकसभेत त्यांच्याबद्दल चुकीचं काही बोललं जाऊ नये, म्हणून मी उभी राहिले.

बसवराज आप्पा माझे सख्खे चुलते. शाळेत जायच्या आधी मी त्यांच्या किराणा दुकानातच शिकले. पोत्यांवरची अक्षरं वाचून दाखवायची. अडलं की मी अंदाजानं काहीतरी म्हणायची. आप्पा म्हणायचे, "लिवलंय तेवढंच वाच. मनाचं घालू नगंस."

आता सांगा, अशा माणसावर मी चिडू कशी? आणि न चिडता राहू तरी कशी?

मागच्या वर्षी एक मुलगी गल्लीत आली होती, आठवतं? मी नांदेडची, म्हणाली. कुणाकडं किती वर्षं राहता, शेजार कसा आहे, पाणी कधी येतं, असं विचारत फिरली. ती नगरपालिकेच्या कामांसाठी पाहणी करत होती. पण त्याच आठवड्यात माझ्यासाठी नांदेडचं स्थळ यायचं होतं. झालं. मुलाकडची माणसं चौकशीला आली, असं तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. आणि स्थळाच्या चौकशीत गल्लीचं वाईट कोण सांगणार?

रुकसानाखालांनी सांगितलं, नळाला रोज पाणी असतं. खाला, तुम्ही हसू नका. तेव्हा तुमच्याच दारात रिकाम्या घागरींची रांग होती. कुणी सांगितलं, दिवे रात्रभर असतात. कुणी सांगितलं, इथं डासच नाहीत. आणि आप्पा? तिनं विचारलं, आजारपणात रुग्णवाहिका दारापर्यंत येते का? आप्पा म्हणाले, "येती की. आमच्या गल्लीत काय कमी न्हाई, बाई. लई समाधानी हाव आम्ही."

मला कळलं तेव्हा मी दुकानात जाऊन भांडले. म्हटलं, आप्पा, ती मुलाकडची नव्हतीच. ते शांतपणे साखर बांधत होते. म्हणाले, मग तिनं आधी सांगायचं. मी म्हटलं, तिनं सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही. तर म्हणाले, "तू घागर घिऊन टँकरमागं पळतीस, हे परक्या माणसाला सांगू व्हय?"



नंतर त्या मुलीनंच मला कौतुकानं कळवलं की अख्ख्या प्रभागात सर्वांत सुखी गल्ली आपली. नालीचं काम मग तक्रार करणाऱ्या गल्ल्यांत आधी झालं. साहजिक आहे. सुखी माणसांची नाली कोण दुरुस्त करतं? आणि नांदेडचं स्थळ, तेही आलं नाही.

परवा आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका कोपऱ्यावरच थांबली. नालीवरची फरशी खचलेली, गाडी आत येईना. दुकानातल्या खुर्चीत बसवून आपण त्यांना कोपऱ्यापर्यंत नेलं. डॉक्टर म्हणाले, गाडी दारात आली असती तर आप्पा वाचले असते, असं सांगता येत नाही. म्हणून मीही तसं म्हणणार नाही. मनाचं घालायचं नाही. पण खुर्ची उचलणाऱ्यांना आप्पा काय म्हणाले, ते मी ऐकलं आहे. "जपून रे. तिथं फरशी फुटलीय."

त्यानंतर ते बोलले नाहीत. गल्लीबद्दल परक्यांसमोर बोललेलं त्यांचं खरं वाक्य मला तेवढं एकच माहीत आहे, कारण गाडीचा चालक तिथंच उभा होता.

ती मुलगी सोमवारी पुन्हा येणार आहे. मीच बोलावलं आहे. ती कुणाच्याही स्थळाची नाही. माझं लग्न ठरायचं तेव्हा ठरेल, नाही ठरलं तर नाही. हात जोडून सांगते, तिला पाणी कधी येतं ते सांगा. घागरी दारातच राहू द्या. चहा पाजा, पण खरं सांगा.

आप्पा, शेवटचा नमस्कार, शरणार्थ. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

आता सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. मागच्या रांगेतल्यांनो, उठताना जपून. तिथं फरशी फुटलीय.