एका वर्गात दोन मास्तर

— नाही नाही, तसं नाही सर, मान हलवू नका, साबण नाकात जाईल. मी एवढंच म्हणतोय की थोर योजना आहे तुमची. एका वर्गात दोन मास्तर! एक शिकवणार, दुसरा त्या शिकवणाऱ्याला शिकवणार. पोरं बिचारी कधी शिकणार, ते पुढच्या योजनेत असेल. आमच्या वेळी एकच मास्तर होता, तोही निम्मा वेळ डुलक्या काढायचा — म्हणून तर मी तिसरीतच बाहेर पडलो आणि वस्तरा हातात घेतला. दोन असते तर कुठल्या कुठे गेलो असतो. हसू नका, कापेल.

आता आमची धाकटी तुमच्या हाताखाली शिकाऊ बाई म्हणून आली. आमच्या घरातली पहिलीच मास्तरीण. मी काही कुणाला सांगत बसत नाही हो — आरशावर तो फोटो आहे ना, तो तिच्या आईने चिकटवलाय. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगावं लागतं. नाही विचारलं तरी मीच विषय काढतो, उगाच मागून गैरसमज नको. तर पोरगी घरी तुमचं गुणगान गाते. सर असे, सर तसे. मीठ मागितलं तरी सर! मी म्हटलं, एवढा देवमाणूस, मग तुला एक वाक्य पुरं का करू देत नाही?

कसं कळलं? कळलं. रस्त्याने जाताना दिसलं. — रस्त्यावरून वर्ग दिसत नाही? बरं, नसेल दिसत. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की दिसतो. तहान लागते माणसाला, काय करता! तिथून खिडकीतून चांगलं दिसतं. ती फळ्याशी उभी, बोलतेय, पोरं माना वर करून ऐकतायत — आणि मागच्या बाकावरून तुम्ही उठलाच. झालं! ती गप्प, तुम्ही सुरू. एकदा नाही सर. जेव्हा जेव्हा तहान लागली तेव्हा तेव्हा हेच. उद्या तिच्या कॉलेजचे परीक्षक येणार, पाठ बघणार, त्यावर तिचं पास-नापास — आणि उद्याही तुम्ही असेच उठलात, तर ते काय लिहितील? बाई उत्तम उभ्या राहतात, असं?

थांबा, दाखवतोच. माझं मनगट धरा. धरा हो, घट्ट. आता मी तुमच्या गळ्यावर वस्तरा चालवतो आणि तुम्ही मला मार्गदर्शन करा — जरा डावीकडे, जरा हलका, असं. का? हात का काढला? एवढे घामाघूम झालात! एका वस्तऱ्याला दोन हात लागले की रक्त निघतं, हे तिसरी नापासाला कळतं. मी बारा जणांना हा धंदा शिकवला असेल, एकाचाही हात धरला नाही. माझा गाल पुढे करायचो आणि डोळे मिटायचो. डोळे मिटायचो, सर. बघत बसलं की शिकणाऱ्याचा हात थरथरतो.

काय? बोला, वस्तरा बाजूला घेतलाय. — खडू? तिने खडू टेबलावर ठेवला की तुम्ही उठायचं, असं ठरलंय? कुणी ठरवलं, तुम्ही? ... तिनेच? वा! म्हणजे आता चूक पोरीचीच. अहो, तिला काय येत नाही? रोज पहाटे स्वयंपाकघरात अख्खा धडा घडाघडा म्हणते, मी अंथरुणात पडून ऐकतो, कुठे अडत नाही! — हो, येतं ना? तुम्हीही म्हणता येतं. मग अडते कुठे? मध्येच? चांगलं चाललेलं असताना? बघा, म्हणजे तुमच्यामुळेच... खिडकीकडे? खिडकीकडे बघते आणि खडू ठेवते.

कुठल्या खिडकीकडे?

...

टाकीकडच्या? तिकडे दोन खिडक्या आहेत, सर. एकीला जाळी आहे. कुणाला काही दिसत नाही त्यातून. — रोज नाही होत म्हणता. काही दिवस अगदी तुमच्याविना अख्खा तास घेते? घेत असेल. मला कसं माहीत असणार? त्या दिवशी दुकानात गर्दी असेल. माणसाला रोज रोज तहान लागत नाही.

मला कधी म्हणाली नाही. एका शब्दाने नाही. घरात कोण बोलतंय माझ्यापुढे!

उद्या तास कितीला आहे? — नको. नको, सांगू नका! मला वेळ सांगू नका. कुठे उठलात? बसा, अर्धा गाल राहिलाय, असं शाळेत जाल काय? आणि हे बघा, मी बोललो ते तिला सांगायचं नाही. बाबा उद्या दुकानात आहेत, एवढं सांगा. — नाही, तेही नको. माझं नावच काढू नका तिच्यापुढे.

मान वर. आणखी वर. आता एक शब्द नाही.