दाढ फायनलपर्यंत

रोसारिओतल्या दाताच्या दवाखान्यात माझ्यासमोर ओस्वाल्दो गाल धरून बसला होता. शेजारच्या खुर्चीतल्या नेलिदाबाईंनी विचारलं,

"काल आपण फुटबॉल वर्ल्डकपची सेमीफायनल जिंकलो, तरी तोंड असं?"

"दाढ ठणकतेय."

"मग काढून टाक आज."

"रविवारी फायनल आहे. ही ठणकत होती म्हणून तर काल जिंकलो. आता कशी काढू?"

"पण सूज जरा उतरल्यासारखी दिसते."

"तीच तर काळजी आहे."

"काढायची नाही, तर आलास कशाला?"

"सेमीफायनलच्या आधीही आलो होतो. अर्धा तास बसलो आणि न काढताच घरी गेलो."

"याच खुर्चीत बसला होतास?"

"नाही. तुम्ही बसलाय त्या खुर्चीत."

नेलिदाबाई पर्स उचलून उठल्या आणि त्याला आपल्या खुर्चीत बसवलं.

"आधी सांगायला काय झालं होतं तुला? दहा मिनिटं फुकट घालवलीस."