डोंगरजाईची नथ आणि त्रिंबकअण्णांची लेन्स

मंडळी, ऐका! आजचं आख्यान एका पत्रापासून सुरू होतं. श्रावणात आलेलं पत्र. चार ओळींचं. आणि ज्याला आलं, त्यानं ते वाचलं, घडी केली, आरशामागे खोचलं — आणि उत्तर दिलं नाही! श्रावण गेला, गणपती आले नि गेले, पितृपक्ष संपला — उत्तर नाही!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, त्यात काय एवढं? आमच्या मोबाइलवर शंभर निरोप उत्तराविना पडलेत. खरंय! पण हे पत्र विचारत होतं फक्त एवढंच — "घेणार की नाही?" हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. आणि त्या माणसाला दोन्ही म्हणवेना.

का म्हणवेना? कुणी विचारलं तर तो म्हणे, "मला कशाला नवं? मी आहे त्यात समाधानी आहे."

झालं! हाच आजचा प्रश्न. माणूस जेव्हा म्हणतो, "मी आहे त्यात समाधानी" — तेव्हा तो खरंच समाधानी असतो, की घाबरलेला असतो? दोघं दिसायला सारखेच हो! दोघंही गप्प बसतात, दोघंही मंद हसतात. मग ओळखायचं कसं? मला विचाराल तर मी पोथ्या चाळून थकलो. पोथीत समाधानाची लक्षणं पानभर सापडतात, पण घाबरलेला माणूस समाधानी माणसाचे कपडे घालून आला तर काय करावं, ते काही लिहिलेलं नाही. म्हणून गोष्ट सांगतो. मागे ऐकू येतंय ना? माझा आवाज बेताचाच आहे. बरं.

घाटाखाली एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण आपल्यातल्या कुणाची तरी सोयरीक तिथं निघायची! गावावर डोंगर, डोंगरावर देवी — डोंगरजाई. चढ असा की धडधाकट माणूससुद्धा मध्ये दोनदा बसतो. आणि गावात फोटोग्राफर एकच — त्रिंबकअण्णा लोणकर. लग्नं, मुंजी, शाळेचे वर्गफोटो, सगळं अण्णांकडे. साठी उलटलेली, बोलणं कमी.

त्या गावची एक रीत आहे. नवरात्रात देवीची रोज वेगळी पूजा बांधतात. आज मोरपिशी शालू, उद्या हिरवा, परवा फुलांची साडी. आणि ज्यांना डोंगर चढवत नाही — म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली, बाळंतिणी — त्यांच्यासाठी अण्णा रोज वर जाऊन पूजेचा फोटो काढतात, खाली येऊन छापतात आणि संध्याकाळी घरोघर नेऊन दाखवतात. पैसे घेत नाहीत बरं! सेवा म्हणून. फोटो आला की घरातली माणसं हात धुतात, फोटोला हळदकुंकू लावतात, कपाळाला टेकवतात आणि म्हणतात, "वा! प्रत्यक्ष देवी!"

आता ऐका गंमत. गाभाऱ्यात वीज नाही. फक्त समया. कॅमेऱ्याचा झगझगाट देवीच्या तोंडावर मारायचा नाही, ही जुनी आज्ञा. फोटोग्राफरानं उंबरा ओलांडायचा नाही. आणि मागे दर्शनाची रांग ढकलतेय — कॅमेऱ्याची तिवई उभी करायला जागा कुठली? हातात कॅमेरा धरायचा, श्वास रोखायचा आणि काढायचा!

लेन्स म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. अण्णांची लेन्स जुनी, लहान तोंडाची, उजेड कमी घेणारी. अंगणातल्या उन्हात उत्तम! पण समईच्या उजेडात? बिचारीला काही दिसेना! फोटो यायचा काळपट, हललेला. खाली लाल लाल काहीतरी, वर पिवळं काहीतरी. मध्ये देवी आहे हे मानायचं!

मग लोक "प्रत्यक्ष देवी" का म्हणत? अहो, म्हणणार काय दुसरं! देवीचा फोटो वाईट आलाय असं कुणाच्या तोंडून निघेल? प्रसादाचा शिरा करपला तरी आपण "वा, खमंग झालाय" म्हणतोच की नाही? पेटीवाले हसतायत बघा — कालचा शिरा आठवला त्यांना!

एक माणूस मात्र स्पष्ट बोले. अण्णांची बायको, मालतीबाई. "अहो, ही देवी आहे की पावसाळ्यात ओल आलेली भिंत?"

अण्णा म्हणत, "देवीची इच्छा. तिला जेवढं दिसायचं तेवढंच ती दिसते."

बघा! लेन्सचा दोष देवीच्या पदरात!

आणि पत्र? ते मिरजेच्या कादरभाईंचं. कादरभाई आणि अण्णा तरुणपणी एकाच उस्तादाच्या स्टुडिओत शिकले. कादरभाईंचं आता कॅमेऱ्याचं दुकान आहे, पण कानानं ऐकू येत नाही — म्हणून फोनची भानगड नाही, पत्र. लिहिलं होतं, "त्रिंबक, देवळातल्या उजेडाला पुरेल अशी मोठ्या तोंडाची नवी लेन्स आली आहे. तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. घेणार की नाही, ते कळव. — कादर."

पैसे नव्हते का? होते! मुलानं स्वतःहून दिले होते. कॅमेऱ्याला बसत नव्हती का? बसत होती! मग अडलं कुठं?

सांगतो. हे अण्णांनी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. अण्णांच्या मनात एक कोपरा होता आणि त्या कोपऱ्यात एक वाक्य बसलं होतं — "आज फोटो वाईट येतो, तो लेन्समुळे. नवी लेन्स घेतली… आणि तरी वाईट आला तर?"

तर मंडळी, अण्णांचं मन विचारी, दोष कुणाचा? माझा! माझ्या हाताचा! मग मी फोटोग्राफर कसला?

जुनी लेन्स ही लेन्स नव्हतीच! ती ढाल होती. तिच्यामागे एक भित्रा म्हातारा उभा होता, आणि बाहेर पाटी लावली होती — "समाधानी."

बोला, डोंगरजाईचा — उदो!

आता नवरात्राची पाचवी माळ. अण्णा फोटोंचं पाकीट घेऊन निघाले आणि आले द्वारकामावशींच्या दारात. या द्वारकामावशी गुरवांच्या घरातल्या. जन्मभर डोंगरजाईला लुगडं नेसवलं ते ह्यांनी. देवीच्या निऱ्या कशा बसतात, नथ कोणत्या दिवशी कोणती, सगळं हातांना पाठ. मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून तीन वर्षं खाटेवर. देवी दिसायची ती फक्त अण्णांच्या फोटोत.

अण्णा आत गेले तर मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. सून कोपऱ्यात डोळे पुसतेय.

"काय झालं गं?"

"अण्णा, तुम्हीच सांगा आत्यांना! तिसऱ्या माळेपासून पोटात अन्न नाही. पाण्याच्या घोटावर आहेत. डॉक्टर ओरडून गेले, तरी ऐकत नाहीत."

अण्णा खाटेजवळ बसले. "मावशी, अहो, या वयात असला उपास?"

मावशी वळल्या. आवाज बसलेला, पण धार होती तशीच. "त्रिंबका, आलास? फोटो आणलास? असू दे. मला नको दाखवू. ज्यांना दिसते त्यांना दाखव."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? साऱ्या गावाला दिसते देवी तुझ्या फोटोत. वाण्याची म्हातारी म्हणते, प्रत्यक्ष दिसते. शेजारची बाळंतीण म्हणते, डोळे मिटले तरी दिसते. मलाच दिसत नाही! तीन वर्षं बघते मी. नथ शोधते, डोळे शोधते, हळदीचा मळवट शोधते. काही नाही!"

"मावशी, वय झालं, डोळे—"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? सुईत दोरा ओवते मी! वरच्या वाशावर पाल बसली की मला आधी दिसते! मग पाल दिसते आणि देवी दिसत नाही, याचा अर्थ काय?" मावशींनी उशीवरून मान उचलली. "एकच अर्थ. तिनं माझ्यावर पडदा टाकलाय. जन्मभर तिला नेसवली, कुठंतरी माझ्या हातून काही चुकलं असेल. विटाळ झाला असेल, ओढून बांधलं असेल, तिला लागलं असेल. ती बोलत नाही माझ्याशी. म्हणून ठरवलं — तिचं तोंड दिसेपर्यंत अन्न घ्यायचं नाही. त्रिंबका, तू रोज तिच्यासमोर उभा असतोस. सांग ना रे. माझं काय चुकलं?"

मंडळी!

एक माणूस खरं बोलायला घाबरला, आणि एक म्हातारी स्वतःला पापी समजून उपाशी पडली!

आता अण्णांसमोर दोन वाटा. एक वाट सोपी — "मावशी, श्रद्धा ठेवा, दिसेल हो दिसेल!" ऐकायला किती गोड! कीर्तनातसुद्धा शोभेल! अण्णांची अब्रू शाबूत राहील, पाटी शाबूत राहील. आणि मावशी? मावशी चार दिवसांत जातील, आणि लोक म्हणतील, केवढी भक्ती!

दुसरी वाट — खरं सांगायची.

पाकीट मांडीवर होतं, त्याच्यावर बोटं घट्ट आवळली गेली. आणि मग तो कमी बोलणारा माणूस बोलला.

"मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही. फोटो वाईट आहे."

"आँ?"

"फोटो वाईट येतो. तीन वर्षं वाईट येतोय. त्याच्या आधीपासूनसुद्धा. त्यात कुणालाच देवी दिसत नाही. दिसणं शक्यच नाही. मला माहीत होतं."

मावशी सुनेकडे वळल्या. "काय गं ए! तू रोज 'वा वा' म्हणतेस. तुला दिसते?"

सून गडबडली. "मला… म्हणजे… नथ दिसते असं वाटतं—"

"वाटतं की दिसते?"

"नाही दिसत आत्या. पण देवीचा फोटो… कसं म्हणायचं?"

"म्हणजे मी इथं उपाशी मरतेय आणि तुम्ही सगळे मेले शिष्टाचार पाळताय!"

असं म्हणून मावशींनी पाकीट ओढून घेतलं, पाचव्या माळेचा फोटो काढला, उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला — "अरे त्रिंबका! हे देवीचं तोंड आहे की कोपर?"

"तोंड असावं, मावशी."

आणि मंडळी, मावशी हसल्या! तीन दिवसांची उपाशी म्हातारी — हसता हसता डोळ्यांतून पाणी! "रागावली नाही रे ती! नाही रागावली! मी आपली तिची समजूत घालत बसले, आणि हिला कोपर करून ठेवलंय ह्यानं! ए पोरी, बघत काय बसलीस? भगर आण! शेंगदाण्याची आमटी आहे का? ती पण आण!"

सून धावली. अण्णा खाली मान घालून बसलेले. मावशी खाताखाता थांबल्या. आता हसू नव्हतं.

"तीन वर्षं, त्रिंबका. तीन वर्षं मी रडले."

"हो मावशी."

"मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर?"

मावशींनी त्यांना सोडलं नाही. एक घास, दोन घास — बघतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. आता काय करणार आहेस?"

"चांगली लेन्स आहे मिरजेला. कादर देतोय. घ्यावी म्हणतो. पण मावशी…" आणि मनाच्या कोपऱ्यातलं ते वाक्य पहिल्यांदा बाहेर आलं. "नवी घेऊनही वाईट आला तर?"

"तर मी सांगेन ना, वाईट आला म्हणून! आता मला कुणाची भीड आहे? रोज आण, रोज सांगेन. नथ दिसेपर्यंत सोडणार नाही तुला."

ऐकलंत? अण्णा ज्याला घाबरत होते, तेच मावशींनी पदरात घातलं, आणि ते आशीर्वादासारखं वाटलं! जो माणूस तोंडावर "वाईट" म्हणू शकतो, तोच एखाद्या दिवशी "चांगलं" म्हणाला तर त्या शब्दाला वजन असतं!

अण्णा घरी आले. आरशामागून पत्र काढलं. मालतीबाई म्हणाल्या, "आता हे काय? दिवाळीची साफसफाई काढली की काय?"

"पोस्टकार्ड कुठंय?"

"अगंबाई! मिळाला वाटतं मुहूर्त!"

अण्णांनी उभ्या उभ्या लिहिलं — "कादर, लेन्स घेतो. एसटीनं धाड, दसऱ्याच्या आत पोचली तर उत्तम. माझे देवीचे फोटो वाईट येतात. लेन्समुळे की माझ्यामुळे, ते आता कळेल. — त्रिंबक."

आणि चपला घालून थेट पोस्टात. लाल पेटीपाशी आले. हात वर केला… आणि थांबले. मन म्हणालं — उद्या टाकलं तर? नवरात्र तर निम्मं संपलंच. पुढच्या वर्षी बघू की!

मंडळी, अण्णांना तिथंच उभं राहू द्या क्षणभर. मला तुमच्याशी बोलायचंय.

मी काही नवं घ्या असं सांगत नाहीये! नाहीतर उद्या सगळे दुकानात जाल आणि घरी नाव माझं सांगाल. जुन्या वस्तूवर संतोष मानणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांचे पाय धरावेत. पण त्यांना कुणी म्हटलं, "हे चांगलं नाही हो", तर ती म्हणतात, "खरंय!" — आणि हसतात. त्यांना झाकायचं काही नसतं. समाधानाला झाकण लागत नाही, भीतीला लागतं. ओळखायची खूण सापडली ना?

मग आता आपापलं झाकण बघा. गळा बसलाय, आणि तुम्ही म्हणता, देवाला भाव लागतो, सूर नाही. मुलीला पुढं शिकायचंय, आणि तुम्ही म्हणता, आमच्यात साधेपणा आहे. हिशेब जमत नाही, आणि तुम्ही म्हणता, मला पैशाची माया नाही. असेल! खरंच तसं असेल! पण एकदा विचारा स्वतःला — माझ्या या समाधानापायी घरात कुणी उपाशी तर पडलेलं नाही ना? भिंतीकडे तोंड करून, माझं काय चुकलं, असं विचारत?

आणि असेल तर उद्या नको. पुढच्या वर्षी नको. फोटो चांगला येईल का, हे पेटीला विचारायचं नसतं. पेटी फक्त कार्ड घेते.

अण्णांनी डोळे मिटले नाहीत. देवीचं नाव घेऊन तिच्यावर भारही टाकला नाही. बोटं सैल केली — आणि कार्ड आत पडल्याचा आवाज आला.