कडेवरचा फणस

...आणि वर मलाच विचारतात, "संदर्भ काय?" मला! अहो, ज्याने ती गोष्ट याच तोंडाने, आपल्याच अंगणात, एका दुपारी चिडून बनवली, त्याला विचारतात की बाबा रे, ती खोटी आहे याला आधार काय? आता खोटं मी बोललो, तर आधार मीच ना? मी नाय तर कोण, फणस?

थांबा, असं मधूनच तुम्हाला कळायचं नाय. पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच ठरवा मी चिडू की नको.

आमची वाडी पालीपासून आत सहा किलोमीटर. घरं अठरा, त्यातल्या पाचांना कुलूप, माणसं मुंबईला. आणि ह्या अठरा घरांवर प्रबंध झालेत अकरा! वर सडा आहे ना, नुसता उघडा कातळ, तो बघायला भूगर्भवाले येतात, त्या कातळावरची फुलं बघायला वनस्पतीवाले, मुंबईला गेलेली माणसं मोजायला समाजशास्त्रवाले, आणि मागे राहिलेल्या बायकांना "तुम्हाला एकटं वाटतं का?" विचारायला मानसशास्त्रवाले... तिघं जण, दोन कॅमेरे, एक छत्री घेऊन पडवीत बसायचं आणि विचारायचं, एकटं वाटतं का! कसं वाटेल? एकटं सोडलंय कुठे? बेडकांवर अभ्यास करणारा एक जण येतो, तो त्यातल्या त्यात बरा. काय ते बेडकांना विचारतो.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना. पालीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, ते बंद ठेवून मी घरचे फणस उतरवत होतो. खांदा दुखावलेला, म्हणून एक फणस आपला कडेवर घेऊन अंगणात येतोय, घाम, चीक, मुंग्या, आणि समोर ज्ञानेश्वरी मॅडम! पुण्याच्या. डॉक्टरेट करतायत. हातात शेचाळीस प्रश्नांचा फॉर्म. "संदेशजी, दोनच मिनिटं." तुम्हाला सांगतो, ती दोन मिनिटं पावणेदोन तास चालली! घरात माणसं किती, गुरं किती, आयुष्यात समाधानी आहात का, एक ते पाचमध्ये सांगा... बारा किलोचा फणस कडेवर असताना माणूस किती समाधानी असतो? सांगा तुम्ही! खाली ठेवायला गेलो की पुढचा प्रश्न. शेचाळीस प्रश्न झाले, म्हटलं सुटलो, तर मॅडम म्हणतात, "एक विचारू? फणस तुम्ही असा बाळासारखा का घेतलाय?"

झालं! डोकंच फिरलं. पण मला एक सवय आहे, फार चिडलो की माझा चेहरा एकदम सरळ होतो. देवळातल्या पुजाऱ्यासारखा. म्हटलं, "लग्नाचा सराव."

"म्हणजे?"

"आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला फणस कडेवर घेऊन सगळी वाडी फिरावी लागते."

"का?"

"पोर सांभाळता येईल की नाय ते बघायला."

"आणि पडला तर?"

"लग्न पुढच्या हंगामात."

मॅडमनी फॉर्म तोंडासमोर धरला हो! मला वाटलं, हसतायत. रडत होत्या. म्हणाल्या, "पुरुषांनी बाळ कडेवर घेण्याची परंपरा... आणि कुणी नोंदवलीच नाही?" म्हटलं, आता सांगून टाकावं. पण त्या म्हणाल्या, "आम्ही एकाच्या शब्दावर जात नाही हं, तिघांकडून पडताळतो." वा! मी निर्धास्त. वाडीत कुणालाही विचारतील, लोक हसतील, विषय संपेल.

त्या गेल्या आप्पांकडे.

आप्पा म्हणजे आमच्या गावचे मानकरी, वय एक्क्याऐंशी. काल काय जेवले ते आठवत नाय, पण गावाबद्दल "मला माहीत नाय" असं आप्पा बोललेले आजवर कुणी ऐकलं नाय. गावची रीत पुण्याच्या बाईला ठाऊक आणि मानकऱ्याला नाय? मरतील, पण कबूल करणार नाय! मॅडमनी विचारलं, फणसाची चाल आहे का? आप्पांनी सुपारी कातरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हाय ना! पण आता काय राह्यलंय त्यात... आमच्या टायमाला दोन असायचे. दोन्ही कडांवर!"

दोन! अहो, मी एकच बनवला होता!

तिथून येसूबाईकडे. येसूबाई आमच्या शेजारच्या, आप्पांशी त्यांचं तीस वर्षं पटत नाय. आप्पांना माहीत आणि आपल्याला नाय? "बस गो बाय," म्हणाल्या, "त्याची ओवी पण हाय." आणि जागच्या जागी...

कडेवरला फणस, टोचतो टोचू दे गं
लेकरू येण्याआधी, बाप त्याला होऊ दे गं

आता मला सांगा, याला काय करायचं? मी पडवीत लपून ऐकत होतो, मलाच भरून आलं! माझं खोटं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलत होतं! तिसरी चिमाकाकी. ती नुसती म्हणाली, "आमच्या ह्यांनी पाडलान. तवाच कळलं मला, कसलं माणूस ते." चिमाकाकीच्या नवऱ्याने जन्मात फणस कडेवर घेतलेला नाय, पण बिचारा वारला, विचारणार कुणाला?

झाला मॅडमचा लेख छापून. मी म्हटलं, जाऊ दे, वाचतंय कोण? अहो, लोक वाचत नसतील, पण एकमेकांचं उतरवून घेतात ना! दुसऱ्या वर्षी वनस्पतीवाले सर आले. त्यांचं म्हणणं, कापा फणस टणक, हाताला हलका लागतो, पण ह्या विधीत मऊ आणि जड बरकाच घेतात, म्हणून बरक्याचं बियाणं इथे टिकलं. मी म्हटलं, सर, तो विधी खोटाय. म्हणाले, "संदर्भ काय?" मग पाठीच्या कण्यावर अभ्यास करणारे आले, वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या कमरा मोजून गेले. सगळ्या वाकलेल्या! घ्या! पुरावा! पाठोपाठ मानसशास्त्रवाले फॉर्म घेऊन. "फणस कडेवर घेताना तुम्हाला त्याच्याबद्दल माया वाटली का? अजिबात नाही, थोडी, पुष्कळ." आमच्या वाडीतल्या बावीस जणांनी "पुष्कळ" वर खूण केली. बावीस! आणि शेवटी इतिहासवाल्यांनी ठरवलं, चाल तीनशे वर्षं जुनी. मी एकोणतीस वर्षांचा आहे हो!

बरं, हे सगळं सोसलं असतं. पण माझं लग्न ठरलं.

समीक्षा, देवरूखची. मला ती आवडते, अगदी मनापासून आवडते, म्हणूनच सगळा घोळ. तिचे वडील आत्माराम मास्तर, रिटायर झालेले, छापलेलं काहीही वाचतात, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. बैठकीत चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या वाडीची ती फणसाची रीत वाचली. डोळ्यात पाणी आलं. त्या दिवशी आम्ही सगळे बघायला येणार."

मी म्हटलं, "मास्तर, ती रीत मी बनवलेय. थट्टेत."

मास्तर म्हणाले, "जो मुलगा स्वतःच्या गावच्या रीतीला खोटी म्हणतो, तो उद्या माझ्या मुलीला काय म्हणेल?"

संपलं! लग्न मोडायला आलं हो! मी धावत आप्पांकडे. म्हटलं, आप्पा, एकदा, फक्त एकदा म्हणा, मला माहीत नाय. आप्पा माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काय मी त्यांचं धोतर मागितलं. "अरे, माझ्या आज्याने घेतला होता फणस, मी बघितलाय!" आणि तुम्हाला सांगतो, आप्पा खोटं बोलत नव्हते. त्यांना आता खरंच दिसत होता आजा!

ज्ञानेश्वरी मॅडमना फोन लावला. त्या आता डॉक्टर. म्हणाल्या, "संदेशजी, एका बाजूला बावीस जण, एका बाजूला तुम्ही. तुमचा नमुना फारच लहान आहे. शिवाय संदर्भ काय?" म्हटलं, मी! "तुमच्यासारखे लोक असतात," एकदम मायेने हं, "आपणच परंपरा शोधली असं वाटणारे. त्याच्यावर पण एक जण काम करतोय. नंबर देऊ?"

शेवटी समीक्षाला गाठलं, आरे-वारेला, समुद्राच्या पुळणीवर. सगळं सांगितलं, सत्तेचाळिसावा प्रश्न, सुपारी, ओवी. सगळ्या जगात एकट्या समीक्षाचा माझ्यावर विश्वास बसला. एकटीचा! म्हणाली, "तूच बनवलंयस, मला चेहऱ्यावरूनच कळलं." मी म्हटलं, देव पावला! तर म्हणते, "मग तर उचलच."

लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारचे चार. अंगात कोरा कुर्ता, कडेवर पंधरा किलोचा बरका. आप्पांनी स्वतः निवडलेला, सगळ्यात टोकदार. पुढे आप्पा काठी आपटत वाट मोकळी करतायत, मागे येसूबाई ओवी गातायत, ओवीला आता अकरा कडवी झाली होती, बाजूला ज्ञानेश्वरी मॅडम कॅमेरा घेऊन, आणि वाटेच्या कडेला दगडी गडग्यावर मास्तर रुमाल डोळ्याला लावून. अठरा घरं! कुलूप लावलेल्या घरांसमोरपण थांबायचं, आप्पांनी नवीनच काढलं. चीक कुर्त्याला, कुर्ता माझ्या पोटाला. नवव्या घराशी वाटलं, सोडून द्यावा, फुटू दे एकदाचा. पण सोडला तर लग्न पुढच्या हंगामात! आणि हा नियम कुणाचा? माझा! दात खाल्ले, फणसाला आणखी घट्ट धरलं आणि चाललो. बघणाऱ्या बायका म्हणाल्या, "बघा गो, किती माया!"

लग्न झालं. व्यवस्थित झालं. दोन महिन्यांनी मॅडमचा नवीन लेख आला, समीक्षाने मोठ्याने वाचून दाखवला. शीर्षक, "नव्या पिढीत लोप पावणारं ज्ञान". त्यात एक परिच्छेद माझ्यावर. लिहिलंय, सदर नवरदेवाने फणस उजव्या कडेवर घेतला, मूळ पद्धत डावीकडची आहे, आजच्या तरुणांना आपल्याच परंपरेची नीट माहिती नाही असं यावरून दिसतं. माहिती कुणी दिली? आप्पांनी!

मी फोन केला नाय. भांडलो नाय. पुढच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं, सागरचं लग्न आहे. रोज संध्याकाळी त्याला अंगणात उभा करतो आणि शिकवतो, "डावीकडे घे मेल्या, डावीकडे!" म्हटलं, माझं चुकलं ते चुकलं, त्याने तरी रीतीप्रमाणे करावं.